बोकडाला नाव दिलं की मटण घशाखाली का उतरत नाही?

प्रश्न कऱ्हाडजवळच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: मुलगा चौदा वर्षांचा. गावच्या जत्रेसाठी सात-आठ महिने परसात बोकड पाळलेलं आणि त्याला पाला घालायचं काम या पोराकडं. त्यानं त्याला नाव दिलं, बाळ्या. चैत्रात जत्रा झाली, बाळ्या पडला, आणि त्या दिवसापासून पोरगा मटणाला शिवत नाही. ‘नुसता रस्सा तरी घे’ म्हटलं तर ओकारी येते. वडिलांना हे नाटक वाटतं, कारण याच पोरानं महिन्याभरात मित्राच्या वाढदिवसाला चिकन लॉलीपॉप खाल्लं, आणि अंडं तर घरी रोज चालतं. आजी माळकरी, त्या खूश आहेत. म्हणतात, देवानंच बुद्धी दिली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ११.४ आलंय. ताई विचारतात, हा काही मानसिक प्रकार आहे का? आणि त्याला परत खायला कसं लावू?

ताई, हा आजार नाही आणि नाटकही नाही. मी सांगलीत गेली चोवीस वर्षं समुपदेशन करते. घराघरातली निम्मी भांडणं माझ्याकडं येतात ती ताटावरून सुरू झालेली असतात, आणि त्यातलं क्वचितच एखादं खरोखर चवीचं असतं.

लॉलीपॉपपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात तोच पुरावा म्हणून वापरला जातोय. नॉर्वेत जोनास कुन्स्ट आणि सिग्रिड होले यांनी २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. भाजलेल्या डुकराचं चित्र काहींना मुंडीसकट दाखवलं, काहींना मुंडी काढून. मुंडी दिसली की खायची इच्छा कमी झाली, कणव आणि किळस दोन्ही वाढली. मेनूकार्डावर ‘बीफ’ आणि ‘पोर्क’च्या जागी सरळ ‘गाय’ आणि ‘डुक्कर’ लिहिलं, तरी तसंच झालं. म्हणजे आपण खाताना ताटातला तुकडा आणि गोठ्यातलं जनावर यांची गाठ पडू देत नाही. ही लबाडी नव्हे, मनाची रोजची कामाची पद्धत आहे.

लॉलीपॉपला मुंडी नसते. लाल रंग, कॉर्नफ्लोअरचं आवरण, हाडाच्या टोकाला चांदीचा कागद. ते कोंबडीच्या पंखाचं हाड आहे हे कितीतरी पोरांना सांगूनही पटत नाही. त्या तुकड्याला तुमच्या मुलानं कधी दाणे टाकलेले नाहीत. बाळ्याला मात्र त्यानं रोज संध्याकाळी सुबाभळीचा पाला घातला असेल. त्याच्या लेखी ‘मांस’ नावाची एकच गोष्ट नाही, बाळ्या वेगळा आणि लॉलीपॉप वेगळं. वडिलांच्याही लेखी तसंच आहे. मुलानं फक्त रेघ जरा अलीकडं ओढली. कुत्र्याचं मटण वाढलं तर तेही ताट सारूनच उठतील ना?

आपली भाषाही हेच करते बघा. आपण बोकड पाळतो, जत्रेला बकरं ‘पाडतो’ आणि खातो मात्र मटण. माझ्या लहानपणी कोंबडीचा रस्सा व्हायचा. आता कोंबडी परसात हिंडते आणि ताटात चिकन येतं. जुनी माणसं तर मुळात नावच घेत नाहीत. ‘आज वशाट आहे’ एवढंच म्हणतात, की ऐकणारा समजला. तुमच्या मुलानं याच्या बरोब्बर उलट केलं, ज्याला नाव नसतं त्याला नाव दिलं.

मोठ्यांचं काळीज निबर असतं असं मी म्हणणार नाही, पण घास माणसाचं मत बदलतो हे खरं आहे. लॉनन, हॅस्लम आणि बॅस्टियन या संशोधकांनी २०१० मध्ये एक साधा प्रयोग केला. काही जणांना सुकवलेलं गोमांस खायला दिलं, काहींना काजू. नंतर विचारलं, कोणकोणते प्राणी आपल्या दयेला पात्र वाटतात? काजू खाल्लेल्यांच्या मानानं मांस खाल्लेल्यांनी यादी आखूड केली. माणसं तशीच, फरक फक्त नुकत्याच खाल्लेल्या घासाचा. लहान मुलांची यादी मुळातच लांब असते. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, की एक माणूस वाचवायचा की बरेच कुत्रे? मोठे बहुतेक जण माणूस म्हणतात. बऱ्याच मुलांनी कुत्रे वाचवले. तुमचा मुलगा त्या वयाचा नाही, पण त्या यादीवर अजून त्यानं काट मारलेली नाही एवढंच.

जत्रेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गाठ तिथंच बसली आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. बकऱ्याला देवळापुढं आणायचं, कुंकू लावायचं, अंगावर पाणी टाकायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं की ‘देवानं घेतलं’ म्हणायचं, मगच पुढचं काम. एका वर्षी आमच्या भावकीतलं बकरं काही केल्या अंग झाडेना. अर्धा तास झाला. बाया तिकडं चुलीवर आधण ठेवून बसलेल्या, पोरं कंटाळलेली, पण कुणी पुढं होईना. शेवटी एका म्हाताऱ्यानं हळूच त्याच्या कानात पाणी सोडलं, बकरं थरथरलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी तेव्हा सातवीत असेन. त्या श्वासाचा अर्थ मला मानसशास्त्र शिकल्यावर कळला. इतकी माणसं परवानगीसाठी खोळंबली होती. ज्याला काहीच वाटत नाही, तो परवानगी मागत नाही.

हे फक्त आपल्याकडंच नाही. प्राचीन अथेन्समध्ये बूफोनिया नावाचा सण होता. बैलाला वेदीवरचं धान्य खाऊ द्यायचे, म्हणजे अपराध त्याचा. मग त्याला मारायचे, मारणारा पळून जायचा, पाठोपाठ खटला चालायचा आणि शेवटी दोषी ठरायची ती सुरी. तिला समुद्रात फेकून द्यायचे. जपानात कत्तलखान्यांत आणि प्रयोगशाळांत मारलेल्या जनावरांसाठी आजही श्रद्धांजलीचे विधी होतात. जिथं जिथं माणूस ओळखीच्या जनावराला मारतो, तिथं तिथं त्यानं त्याचा भार वाटून घ्यायची काहीतरी सोय केलेली आहे. देवावर थोडा, गावावर थोडा, सुरीवर थोडा. आपला वाटा घालायची पद्धत तरी वेगळं काय करते? एकाच बकऱ्याचे वीस वाटे झाले, की मारल्याचेही वीस वाटे होतात. तुमच्या मुलाच्या वाट्याला मात्र पाला घालायचं काम तेवढं आलं. बकरं देवाचं आहे हे त्याला कुणी आधी बसून सांगितलं नसावं. मोठ्यांच्या हिशेबात ते पहिल्या दिवसापासून देवाचं होतं, त्याच्या हिशेबात त्याचं.

आता रस्सा. ‘फोडी नको तर नको, पाणी तर पी’ हे सगळ्याच घरांत म्हणतात, आणि हेच सगळ्यात कमी उपयोगाचं असतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर आयुष्यभर काम केलं. १९८६ मध्ये आलेल्या त्यांच्या एका प्रयोगात मेलेलं, पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं आणि लोकांना रस प्यायला सांगितला. जंतू नाहीत हे समजूनही लोकांना तो नको होता. किळसेला जंतूंशी देणंघेणं नसतं, स्पर्शाशी असतं, आणि एकदा लागलेला स्पर्श गाळण्यानं गाळला जात नाही.

हे मला प्रयोग वाचायच्या कितीतरी आधी घरात दिसलेलं होतं. माझी आई माळकरी, वडील खाणारे. मटण शिजायचं ते परसात, तीन दगडांच्या चुलीवर, जर्मनच्या पातेल्यात. ते पातेलं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, गोठ्यातल्या खुंटीला टांगलेलं असायचं. वाटण मात्र आईच करायची. खोबरं भाजायची, तीळ, खसखस, लसूण, वरून कांदा-लसूण चटणी. रश्शाची तर्री अशी यायची की शेजारची माणसं वाटी घेऊन उभी. पण तो रस्सा तिनं जन्मात चाखला नाही. मीठ बघायला मला हाक मारायची. पदर नाकाला लावून पळी पुढं करायची आणि विचारायची, ‘कमी हाय का गं?’ मी ‘हाय’ म्हटलं की चिमूट टाकायची आणि मागं सरकायची. तिला बकऱ्याची दया येत होती का? मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘दया कसली, माळ हाय.’

तुमच्या घरात आजी आणि नातू दोघंही खात नाहीत, पण ते एकाच कारणानं खात नाहीत असं समजू नका. उत्तर अमेरिकेतल्या आणि भारतातल्या शाकाहारी लोकांची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता. तिकडचे बहुतेक जण मोठेपणी स्वतःहून मांस सोडतात, आणि प्राण्यांचे हाल, पर्यावरण यांची कारणं सांगतात. आपल्याकडं शाकाहार बहुतेकदा घरातून येतो, आणि त्याच्याबरोबर सोवळं-ओवळं, वडीलधाऱ्यांचा शब्द, मांसानं मन बिघडतं ही समजूत येते. आजींचं कारण माळेचं आहे, नातवाचं बाळ्याचं. म्हणून आजींनी त्याचं कौतुक करताना ‘आता माळ घाल’ म्हणू नये. त्याचं दुःख त्यांच्या पुण्यात जमा झालं, तर त्याला ते बोलायला जागाच उरणार नाही.

वडिलांना वाटतं की पोरगं घराच्या रीतीबाहेर गेलं. पण आपली रीत तरी काय आहे? प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० मध्ये देशभर सुमारे ३०,००० लोकांना विचारलं. ३९ टक्के म्हणाले, आम्ही शाकाहारी. पण मांसावर काही ना काही बंधन पाळणारे ८१ टक्के निघाले. मधली जी माणसं आहेत ना, ती आपण. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. बुधवार, शुक्रवार, रविवार खायचे. पाश्चात्त्य माणसाला हे समजावताना माझी तारांबळ उडते, त्याच्याकडं माणूस एकतर व्हेज असतो नाहीतर नॉनव्हेज. आपल्याकडं तोच माणूस मंगळवारी व्हेज आणि बुधवारी नॉनव्हेज असतो, आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. मग पोरानं बाळ्याच्या बाबतीत एक जास्तीचं बंधन पाळलं तर रीत कुठं मोडली?

आणि रीती काय दगडावर कोरलेल्या नसतात. जपानात सम्राट तेन्मूनं ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी केली. १८७२ मध्ये सम्राट मेइजी गोमांस खातो हे जाहीर झालं आणि हळूहळू ते आधुनिकपणाचं लक्षण ठरलं. पेरूत गिनीपिग हे सणाचं खाणं आहे. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे, त्यात ताटात भाजलेलं गिनीपिग आहे. आपल्याकडं ते फक्त प्रयोगशाळेत असतं. मार्विन हॅरिस नावाचे मानववंशशास्त्रज्ञ म्हणायचे की हे सगळं शेवटी पोटाच्या आणि शेतीच्या हिशेबावर ठरतं. मला ते अर्धंच पटतं, पण ते अर्धं मात्र माणदेशात उभं राहिलं की लख्ख दिसतं. महाबळेश्वरला धो-धो पाऊस, आणि त्याच डोंगररांगेच्या आडोशाला माण, आटपाडी, जत कोरडे. जिथं ज्वारीलाच पाणी पुरत नाही, तिथं खुरटं गवत खाऊन मेंढरू जगतं. जतकडचं माडग्याळ जातीचं मेंढरू त्यासाठीच नावाजलेलं. तिथल्या माणसाला मटण खाऊ नको म्हणणं म्हणजे माळरानाला ऊस लाव म्हणण्यासारखं आहे. पण हिशेबानं माळ घालणारी माझी आई समजत नाही, ती त्याच माळरानावरची होती.

सन्मानाचा मुद्दाही यात असतो, आणि तो आपण मोकळेपणानं बोलत नाही. सांगलीत भाड्यानं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ‘तुम्ही खाता का?’ असा येतो. विचारायचं असतं वेगळंच. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, ते काही आहारशास्त्र सांगत नव्हते. कोण काय खातो यावरून कोण कुठं बसतो हे ठरतं, म्हणून सांगत होते.

तुमच्या यजमानांचं दुखणंही मला यातलंच वाटतं. आपल्याकडं मटण आणि पुरुषपण यांची गाठ घट्ट आहे. नळी जावयाला, पाहुण्याला, फोडी कर्त्यांना आणि शेवटी बायांच्या ताटात रस्सा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कधीतरी तरी मांस-मासे खाणारे पुरुष साधारण ८३ टक्के निघाले आणि स्त्रिया ७१ टक्क्यांच्या आसपास. चौदा वर्षांच्या मुलानं मटण नाकारलं की बापाला वाटतं, याला आता भावकीच्या पंगतीत कसा बसवायचा? त्यांना हे विचारून बघा. ‘नाटक’ म्हणणारी माणसं बऱ्याचदा घाबरलेली असतात.

माझी एक चूक सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीला एक जैन शेतकरी कुटुंब सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली, मुलगी बसल्या जागी पेंगत होती. मी तेव्हा फार हुशार होते. म्हणाले, औषध समजून काळीज खा, नाहीतर अंडं तरी. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि परत आले नाहीत. वर्षानं कुणाकडून तरी कळलं, त्या घरात माझं नाव ‘पोरींना बाटवणारी बाई’ असं पडलं होतं. हुलगे, मटकी आणि लोहाच्या गोळ्या यांनी सुटणारा प्रश्न होता. मी काळजाचं नाव काढलं आणि बाकी सगळं ऐकायचे त्यांचे कान बंद झाले.

आता करायचं काय ते. जबरदस्ती अजिबात नको. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की एखादी चव घेतल्यावर मळमळलं तर ती चव पुढं कितीतरी काळ नकोशी होते. तुमच्या मुलाला नाक दाबून रस्सा पाजला आणि तो ओकला, तर आज जी बाळ्याची आठवण आहे ती उद्या कांदा-लसूण चटणीच्या वासाची ओकारी होईल, आणि मग मटकीची उसळसुद्धा जाईल. चोरून आमटीत रस्सा मिसळणंही नको. पकडला गेलात तर तो तुमच्या हातचं सगळंच हुंगून खाईल.

हिमोग्लोबिनचं टेन्शन घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. या वयाला १२ हवं, ११.४ म्हणजे सौम्य कमतरता. महिन्यातून दोनदा खाल्लं जाणारं मटण तीन महिने बंद झालं म्हणून एवढं घसरत नाही, बहुधा ती आधीचीच असणार. डॉक्टरांना दाखवा. शाळेत जंतनाशक गोळी घेतली होती का, तेही विचारा. हुलग्याचं माडगं, मटकी, हिरवी भाजी, वर लिंबू पिळून. आणि जेवणावर लगेच चहा बंद, तो लोह अडवतो. या वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. तीन ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या दाट उसळ, दोन पेले दूध आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ती भरून वर उरतात. अंडं खातोय तर बी-१२चीही फार काळजी नाही.

घरात बोलणं मात्र एकदा व्हायला हवं, तेही सगळ्यांनी बसून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता, तेव्हा गृहिणींना काळीज-गुर्दे शिजवायला लावायचं काम कर्ट ल्युइन या मानसतज्ज्ञाकडं आलं. (आपल्याकडं वजडी-मुंडीसाठी रविवारी सकाळी सातला रांग लागते, त्यांना मात्र मनधरणी करावी लागली!) छान भाषण ऐकवलं तेव्हा ३ टक्के बायकांनी घरी करून बघितलं, त्यांनाच आपापसात बोलू दिलं आणि हात वर करून ठरवायला सांगितलं, तेव्हा ३२ टक्क्यांनी. पोराला भाषण देऊ नका. ‘तू काय खाणार, काय नाही, ते तूच सांग’ म्हणा आणि त्यानं सांगितलेलं पाळा. लॉलीपॉपचा टोमणा कुणीही मारायचा नाही. यजमानांना हे अवघड जाईल, पण तेवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

कायमचं सोडेल का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये ११,००० हून अधिक लोकांची पाहणी झाली, त्यात शाकाहाराकडं वळलेल्यांपैकी ८४ टक्के पुढं कधीतरी परत फिरलेले होते. तुमचा मुलगा उरलेल्या सोळांतला असेल तर तेही ठीकच आहे, आपल्या घरांना दोन पातेल्यांची सवय आहे.

आत्ता आखाड चालू आहे, घरात वास दरवळत असणार, म्हणून भांडणं जास्त होत असतील. हे चार दिवस काढा. श्रावण लागला की महिनाभर सगळं घर त्याच्यासारखंच जेवेल आणि त्याच्या ताटाकडं कुणाचं लक्ष राहणार नाही. बोलायची बैठक तेव्हा ठेवा, एखाद्या सोमवारी, उपास सुटल्यावर. पुढच्या जत्रेला बकरं करायचं असेल तर आदल्या दिवशी बाजारातून आणा नाहीतर भावकीत वाटा घ्या, परसात वर्षभर बांधू नका. पुरणपोळीच्या दिवशी पाहुण्यांना वाढायचं काम त्याला द्या. आणि तीन महिन्यांनी परत रक्त तपासा, तो कागद घेऊनच या.